शक्ती चोरीला गेली, पुढे काय? : वाचकांचे प्रश्न, कॉमिक्सबद्दल

या वेळी आलेल्या प्रश्नांमधे दोनच विषय फिरून फिरून येत होते. एक, दुसऱ्याची पॉवर चोरणारे व्हिलन, आणि दोन, पकडलेले व्हिलन तुरुंगात टिकत का नाहीत. म्हणून ठरवलं की हा महिना त्यांनाच द्यायचा. जिथे सांगण्यासारखं खूप आहे तिथे जास्त लिहिलंय, बाकी पटकन उरकलंय.

ताई, मी दहावीत आहे. माझा मित्र म्हणतो सुपर-स्क्रल आणि पॅरासाइट सेमच, दोघंही दुसऱ्यांच्या पॉवर वापरतात. मी म्हणतो फरक आहे. आणि माझी आजी म्हणते हे सगळं आपल्या वालीवरून उचललंय. कोण बरोबर?
– एक वाचक, इचलकरंजी

फरक आहे, आणि मोठा आहे, त्यामुळे तू जिंकलास, मित्राला सांग. सुपर-स्क्रल हा परग्रहावरचा व्हिलन आला सप्टेंबर १९६३ च्या 'फँटास्टिक फोर'च्या (चार सुपरहिरोंच्या टीमच्या) १८ व्या अंकात, स्टॅन ली आणि जॅक कर्बीचा. त्याच्याकडे चौघांच्याही शक्ती असतात, हात लांब करणं, आग, अदृश्य होणं, दगडासारखी ताकद, सगळं, पण त्या चौघांचं काहीच कमी होत नाही, त्यांच्या शक्ती त्यांच्याकडेच राहतात. म्हणजे ती नक्कल झाली. आणि ती नक्कल चालते कशावर, तर त्याच्या ग्रहावरून सोडलेल्या एनर्जीवर. चौघांमधला शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स, त्याच्या हे लक्षात येतं, ते सिग्नल अडवायचं यंत्र तो बनवतो, चौघांमधलीच सू ते अदृश्य होऊन सुपर-स्क्रलला चिकटवते आणि मग त्याला एका विझलेल्या ज्वालामुखीत बंद करून टाकतात. मारामारीपेक्षा डोकं चालवून जिंकलेली गोष्ट आहे, मला अजून आवडते.

पॅरासाइटचं उलट आहे. हा सुपरमॅनचा शत्रू, ऑगस्ट १९६६, 'ॲक्शन कॉमिक्स' ३४०. संशोधन केंद्रातला एक साधा कामगार, आत काहीतरी किमती माल असेल म्हणून किरणोत्सारी कचऱ्याचा डबा उघडतो आणि त्याचं हे होऊन बसतं. तो ज्याच्या जवळ जातो त्याची शक्ती खरोखर ओढून घेतो, समोरचा रिकामा होत जातो. सुपरमॅनची ताकद ओढता ओढता शेवटी त्यालाच ती झेपत नाही आणि तो फुटतो. ही कथा लिहिणारा जिम शूटर तेव्हा फक्त १४ वर्षांचा होता, पिट्सबर्गचा मुलगा, घरात पैशाची ओढाताण होती म्हणून कॉमिक्स लिहायला लागला, तुझ्यापेक्षा लहानच. त्याचं नाव लक्षात ठेव, खाली परत येणारे.

आता आजी. अमेरिकन लेखकांनी वालीवरून घेतलं असं म्हणता येणार नाही, पण कल्पना आजींनी बरोबर ओळखली. समोर येईल त्याचं अर्धं बळ वालीला मिळतं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मग रामाला आडून बाण का मारावा लागला तेही त्यातच येतं, समोर गेलं की आपलंच बळ त्याच्या कामी येणार. कॉमिक्समधे पॅरासाइटशी लढतानाही हेच धोरण असतं बघ, जवळ जायचंच नाही, लांबून काय ते करायचं. आजीला माझा नमस्कार सांग.

एक्स-मेनच्या २००० च्या सिनेमात 'रोग' ही हातमोजे घालून घाबरत फिरणारी मुलगी आहे, पण जुन्या कॉमिक्समधे ती उडते, बिल्डिंगा उचलते. ही ताकद तिला आली कुठून? सिनेमावाल्यांनी काढून का टाकली?
– इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

ही ताकद तिची नाहीच मुळी. ती कॅरल डॅनव्हर्सची आहे, म्हणजे आता आपण जिला कॅप्टन मार्व्हल म्हणून ओळखतो तिची.

१९८१ चा 'ॲव्हेंजर्स ॲन्युअल' नंबर १०, लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रं मायकेल गोल्डनची. रोगचं हे पहिलंच दर्शन आणि ती इथे चक्क व्हिलन आहे, मिस्टीक नावाच्या व्हिलन बाईच्या टोळीतली. तिच्या शक्तीचा नियम तुला माहितीये, कातडीला कातडी लागली की समोरच्याची शक्ती आणि आठवणी तिच्यात येतात, थोडा वेळ राहतात आणि मग परत जातात. पण कॅरलला ती इतका वेळ धरून ठेवते की परत जायचं राहूनच जातं. उडणं, ताकद, मार न लागणं, सगळं रोगकडे कायमचं. कॅरलला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून खाली टाकलं जातं आणि स्पायडर-वुमन तिला वाचवते.

इथपर्यंत बाकी कॉमिक्ससारखंच आहे. पण यानंतर क्लेअरमाँटने जे केलं त्यासाठी मी ही गोष्ट प्रत्येकाला वाचायला सांगते. तो चोराच्या मागे न जाता जिचं चोरलं तिच्याजवळ थांबतो. कॅरलच्या फक्त शक्ती गेलेल्या नाहीत, आठवणीही गेल्यात. एक्स-मेनचा गुरू प्रोफेसर एक्स तिच्या मनात जाऊन बऱ्याचशा आठवणी परत बसवतो, पण त्या आठवणींना चिकटलेली माया, राग, दुःख काही परत येत नाही. स्वतःचंच आयुष्य तिला दुसऱ्याच्या घरचा फोटो अल्बम चाळल्यासारखं आठवतं, हे आई-वडील, हे मित्र, माहिती सगळी आहे पण आत काही हलत नाही. सुपरहिरो कॉमिक्समधे याच्याइतकं क्रूर नुकसान मी फार थोड्या ठिकाणी बघितलंय, कारण हाडं मोडली तर जुळतात, पण हे कुठल्या डॉक्टरकडे घेऊन जायचं?

आणि रोगलाही ते पचत नाही, ही दुसरी बाजू. १९८३ च्या 'अनकॅनी एक्स-मेन' १७१ मधे ती एक्स-मेनच्याच दारात येते, मदत मागायला, कारण डोक्यात कॅरल बोलतेय, स्वतःचे विचार कुठले आणि तिचे कुठले तेच कळेना झालंय. एक्स-मेन अर्थातच चिडतात, कॅरल त्यांची मैत्रीण आहे. तोपर्यंत कॅरलला बायनरी म्हणून नवी, ताऱ्याएवढी ताकद मिळालेली असते (ते १९८२ च्या १६४ व्या अंकात), आणि रोगला बघताच ती असा एक ठोसा ठेवून देते की रोग छत फोडून वर उडते. तरीही प्रोफेसर रोगला ठेवून घेतो. कॅरल निघून जाते. आणि मला ते बरोबर वाटतं की क्लेअरमाँटने तिला लगेच माफ करायला लावलं नाही. मदत मागणाऱ्याला दार उघडणं चांगलंच आहे, पण जिचं घर लुटलं तिने त्या घरात हसत राहायचं ही अपेक्षा कशाला?

सिनेमाचं म्हणशील तर कॅरलच नसेल तर तिची ताकद कुठून आणणार, आणि दोन तासात एवढा इतिहास बसत नाही. त्यांनी त्याऐवजी मॅग्नेटोने रोगला स्वतःची शक्ती मुद्दाम द्यायची, यंत्र तिच्याकडून चालवून घ्यायचं असं केलं. म्हणजे चोरणारीलाच वापरून घेतलं. तो बदल वाईट नाही, पण ती गोष्ट वेगळी झाली.

शक्ती गेली तरी दोन अंकांनी परत येणारच हे माहिती असतं. मग वाचताना टेन्शन कसलं? मला तर असल्या स्टोऱ्या फुसक्या वाटतात.
– एक वाचक, ठाणे

पुष्कळ स्टोऱ्या फुसक्या असतातच, ते मान्य, शक्ती जाते, हिरो दोन पानं खांदे पाडून बसतो, मग काहीतरी यंत्र सापडतं आणि सगळं पहिल्यासारखं. पण तुम्ही स्टॉर्मची गोष्ट वाचली नसेल तर आधी ती वाचा आणि मग सांगा.

१९८४, 'अनकॅनी एक्स-मेन' १८५. म्यूटंट, म्हणजे एक्स-मेनसारख्या जन्मतःच शक्ती असलेल्या, लोकांच्या शक्ती काढून घेणारी एक बंदूक असते, नेम धरलेला असतो रोगवर, आणि गोळी लागते स्टॉर्मला. जी बाई ढग, वारा, वीज हलवते, आकाशात असताना जिला खरं घरी असल्यासारखं वाटतं, ती एका सेकंदात जमिनीवरची साधी बाई होते. पुढच्याच १८६ व्या अंकात बॅरी विंडसर-स्मिथची चित्रं आहेत आणि त्या अंकात मारामारी फारशी नाहीच. स्टॉर्म फोर्ज नावाच्या माणसाच्या घरी बरी होतेय, तो तिची काळजी घेतो, दोघांमधे हळूहळू प्रेमासारखं काहीतरी होतं, आणि मग तिला कळतं की ती बंदूक बनवली होती ती यानेच. सरकारसाठी. बास, एवढीच गोष्ट आहे, आणि अख्खा अंक त्यावर उभा आहे.

आता तुमचा मुद्दा, दोन अंकांनी परत. स्टॉर्मच्या शक्ती परत यायला १९८८ उजाडलं. दर महिन्याला अंक घेणाऱ्या मुलांनी ही वाट खरोखर वर्षानुवर्षं बघितली. आणि मधल्या काळात काय झालं, तर २०१ व्या अंकात एक्स-मेनचं नेतृत्व कुणाकडे यावर तिची आणि सायक्लॉप्सची डेंजर रूममधे, म्हणजे त्यांच्या सरावाच्या खोलीत, लढत होते, त्याच्या डोळ्यातून किरणं निघतात, हिच्याकडे काहीच नाही, आणि जिंकते ती. त्याचा चष्माच काढून घेते. शक्ती नव्हती तेव्हाच ती लीडर म्हणून पक्की झाली असं माझं ठाम मत आहे, आणि लेखकाने तिला लवकर बरी केली असती तर हा अंक झालाच नसता.

पॉवर चोरणारा व्हिलन शेवटी जिंकला असं कधी झालंय का?
– एक वाचक, बेळगाव

जिंकून हरलाय, आणि तो म्हणजे फँटास्टिक फोरचा कट्टर शत्रू डॉक्टर डूम, दोनदा.

पहिल्यांदा 'फँटास्टिक फोर' ५७ ते ६०, १९६६-६७. बोर्डवर उभं राहून अंतराळात फिरणाऱ्या सिल्व्हर सर्फरला ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसने पृथ्वीवर कोंडून ठेवलेलं असतं, पृथ्वीच्या भोवती एक अडसर, त्याच्या पलीकडे जाता येत नाही. सर्फर मनाने सरळ, माणसं कशी फसवतात ते त्याला माहीत नाही. डूम त्याला आपल्या लॅटव्हेरिया देशातल्या किल्ल्यात बोलावतो, गोड बोलतो, आपलं विज्ञान दाखवतो आणि यंत्र लावून त्याची सगळी शक्ती काढून घेतो, बोर्डसकट. मग त्याला कुणी थांबवूच शकत नाही. रीड त्याच्या अहंकाराला एक आमिष दाखवतो, एक उडतं यंत्र सोडतो, डूम त्याचा पाठलाग करत वर, आणखी वर जातो आणि त्या अडसरावर जाऊन आदळतो. सर्फरची शक्ती चोरली तशी सर्फरची कैदही त्याच्या वाट्याला आली, ते त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. मला ही कथा या सगळ्या प्रकारातली सगळ्यात पक्की रचलेली वाटते.

दुसऱ्यांदा 'सीक्रेट वॉर्स', १९८४-८५, १२ अंक. मॅटेल कंपनीची खेळणी विकायला म्हणून काढलेली मालिका, पण लेखक कोण, तर तोच जिम शूटर, पॅरासाइटवाला, आता मार्व्हलचा मुख्य संपादक झालेला. इथे डूम बियाँडर नावाच्या जवळजवळ देवासारख्या कुणाचीतरी शक्ती हिसकावून घेतो. सगळ्या हिरोंना एका क्षणात मारूनही टाकतो. जिंकला की नाही? पण आता त्याच्या मनात जे येईल ते खरं व्हायला लागतं, आणि बियाँडर क्लॉ नावाच्या व्हिलनच्या आत लपून डूमला हळूच शंका विचारत राहतो, समजा ते वाचले असतील तर, समजा कुणी त्यांना उठवलं तर. डूम नाही नाही म्हणत कल्पना करतो आणि ती कल्पनाच खरी होते. १४ व्या वर्षी शूटरने लिहिलं की चोरलेली ताकद शरीराला झेपली नाही, तिशी उलटल्यावर लिहिलं की मनाला झेपली नाही. हा प्रवास बघायला मला फार आवडतं.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, कॉमिक्सचं वेड आहे. मला एकच खटकतं, जोकर दर वेळी पकडला जातो आणि दर वेळी पळतो. मुलं यातून काय शिकणार? आणि सुसाइड स्क्वॉड त्याला वाचायला देऊ का?
– एक आई, नाशिक

ताई, तुमची काळजी रास्त आहे. आधी हे असं का होतं ते सांगते. १९४० च्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात जोकरच्या दोन कथा होत्या आणि दुसऱ्या कथेत तो मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना वाटलं की एवढा चांगला व्हिलन घालवायचा कशाला, म्हणून शेवटचं चित्र बदललं आणि तो जगला. तिथून रस्ताच पडला. पुढे १९५४ मधे अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात म्हणून सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, घाबरून प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड आणला, त्यात चांगल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा नियम होता. म्हणजे व्हिलनला पकडायचं तर आहेच, आणि पुढच्या महिन्यात लागणार म्हणून मारायचंही नाही. मग उरतो तुरुंग. १९६१ मधे सुपरबॉयच्या कथेत फँटम झोन आला, क्रिप्टन ग्रहाची कैद, जिथे कैद्याचं वय वाढत नाही, त्याला सगळं दिसतं पण कशाला हात लावता येत नाही. १९७४ मधे अर्कहॅम आलं, बॅटमॅनच्या वेड्या गुन्हेगारांना ठेवायची जागा, पहिल्यांदा हॉस्पिटल म्हणून. १९९३ मधे तर बेन नावाच्या व्हिलनने अर्कहॅमची दारंच उघडून दिली, सगळे कैदी पकडता पकडता बॅटमॅन थकून गेला की मग स्वतः समोर आला आणि त्याचं कंबरडं मोडलं.

मुलाशी बोलायला चांगली गोष्ट हवी असेल तर कर्ट ब्युसिक आणि मार्क बॅग्ली यांची 'थंडरबोल्ट्स', १९९७. सुरुवातीचं गुपित मी फोडत नाही, त्याला स्वतः कळू दे, पण त्यात पुढे एक जण आपल्या जुन्या खुनासाठी स्वतःहून तुरुंगात जातो. पळणाऱ्या जोकरला उत्तर म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सुसाइड स्क्वॉड मात्र आत्ता नको. १९८७ ची जॉन ऑस्ट्रँडरची मालिका उत्तम आहे, लुइझियानातल्या बेल रीव्ह तुरुंगातले कैदी शिक्षा कमी व्हावी म्हणून जिवावरची कामं करतात, हातात स्फोटकांचं कडं, पळाला की फुटणार. नवव्या अंकात स्लिपनॉटला कॅप्टन बूमरँग पटवतो की ते कडं खोटं आहे, तो पळतो आणि हात गमावतो. सरकारने कैद्यांना असं वापरावं का हा प्रश्न ती मालिका फार गंभीरपणे विचारते, पण तो १६-१७ वर्षांच्या मुलासाठी ठीक आहे.

आमच्या वेळी इंद्रजाल कॉमिक्समधे वेताळ होता. त्याची शक्ती कधी कुणी चोरली नाही! बरोबर ना?
– एक आजोबा, सांगली

काका, बरोबर, कारण चोरण्यासारखी शक्ती त्याच्याकडे नव्हतीच. ली फॉकने १९३६ मधे वेताळ आणला तेव्हापासून तो साधा माणूसच आहे, घराण्यातला २१ वा. लोकांना वाटतं तो मरत नाही, आणि हा विश्वास बापाकडून मुलाकडे येतो. तो यंत्र लावून कसा काढून घेणार? टाइम्सने मुंबईतून १९६४ मधे इंद्रजाल सुरू केलं ते वेताळापासूनच. आणि पकडलेल्या गुंडाच्या जबड्यावर कवटीच्या अंगठीचा तो कायमचा ठसा, तुमच्या पिढीत कुणी विसरलेलं मला तरी भेटलेलं नाही.

मी आर्ट्सला आहे, स्वतःचं मराठी कॉमिक काढतोय. व्हिलन हिरोईनची पॉवर चोरतो इथपर्यंत झालंय, पुढे अडकलोय. मदत करा ताई!
– एक वाचक, कोल्हापूर

अडकलायस कारण तू व्हिलनच्या मागे चाललायस, असा माझा अंदाज आहे. दोन पानं तिच्यासाठी ठेव. शक्ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठते, तेव्हा कुठली रोजची गोष्ट तिला करता येत नाही ते काढ, संवाद कमी ठेव. मग ठरव की शक्तीबरोबर आणखी काय गेलंय, कॅरलच्या आठवणी गेल्या तसं, आणि व्हिलनकडे नको असलेलं काय गेलंय, डूमकडे सर्फरची कैद गेली तसं. हा नियम पहिल्या आठ पानांतच कुठेतरी सहज दिसू दे, नाहीतर शेवटी वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. शक्ती परत द्यायची घाई करू नकोस, पहिल्या भागात तर नकोच. आणि व्हिलनला पकडलंस की तुरुंग कसा आहे, त्याला कोण सांभाळतं, त्याची चोरलेली शक्ती तिथे कशी रोखून धरतात हेही चितारून ठेव, कारण दुसऱ्या भागात तुला तीच जागा लागणार आहे.